मीटरचा आकडा कोणाच्या हाती?



ज्या गागोदे बुद्रुक गावी १८९५ साली विनोबांचा जन्म झाला, तेथील वीजग्राहकाला पुरवठादार बदलण्याचा प्रश्नच पडत नाही. महावितरणखेरीज त्याला दुसरे दार नाही. मुंबईच्या उपनगरांत मात्र वीज नियामक आयोगाच्या १५ ऑक्टोबर २००९ च्या आदेशाने तारा रिलायन्सच्या आणि वीज टाटांची, अशी सोय झाली. (त्या तारा २०१८ मध्ये अदानींकडे गेल्या, ग्राहक जागच्या जागी.)

स्पर्धेचा गाजावाजा पुष्कळ झाला. परंतु खरा तंटा बदलाच्या दिवशीच्या वाचनात असतो. जुन्या पुरवठादाराचे अखेरचे बिल त्याच आकड्यावर निघते. तो प्रत्यक्ष न वाचता सरासरीने धरला, तर न वापरलेली वीजही ग्राहकाच्या माथी बसते. आणि मीटर एकदा भिंतीवरून उतरला की पुरावाही उतरतो.

कायदा अगदीच मुका नाही. २००३ च्या वीज कायद्याचे कलम ५६(२) बिलात सातत्याने न दाखविलेल्या, दोन वर्षांपूर्वीच्या थकबाकीची वसुली रोखते. सदोष मीटरच्या बिलदुरुस्तीला, छेडछाड झालेली नसल्यास, आयोगाच्या पुरवठा संहितेने वादापूर्वीच्या तीन महिन्यांची मर्यादा घातली आहे. दाद ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंचाकडे मागावी, त्यानंतर विद्युत लोकपालाकडे.

म्हणून कार्यकर्त्याने भाषणाआधी मीटरपाशी जावे. मीटरचा क्रमांक, वाचन आणि तारीख ग्राहकासमक्ष कागदावर उतरवून कर्मचाऱ्याची सही घ्यावी. गागोद्यात पुरवठादार बदलत नाही, मीटर मात्र बदलतो. तेव्हाही हाच कागद लागतो.