पटावरील नाव आणि वर्गातील मूल
(तालुका शिक्षक संमेलनात शिक्षण विस्तार अधिकाऱ्यांनी केलेले भाषण)

शिक्षक बंधुभगिनींनो,

दसरा झाला की आपल्या बीड जिल्ह्यातील गावोगावी ट्रॅक्टर येऊन उभे राहतात. मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात ऊसतोडीस निघतात, ती पाडव्याच्या सुमारास परततात. त्यांच्याबरोबर आपली मुलेही जातात. थोरली मुलगी तर बहुधा जातेच; कारण कोपीत धाकट्यास सांभाळणारे कोणी तरी हवे असते.

मी तरुण शिक्षक असताना तिसरीतील अशाच एका मुलीचे नाव ‘सतत गैरहजर’ असा शेरा लिहून पटावरून कमी केले. पाडव्यानंतर ती पाटी घेऊन आली. हजेरीत आपले नाव येईल म्हणून वाट पाहत बसली, आणि ते आले नाही तेव्हा काही न बोलता उठून गेली. ती पुन्हा शाळेत आली नाही. तो शेरा माझ्या हातचा होता, हे मी विसरू शकलो नाही.

निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, असे महात्मा फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे मांडले होते. मुलांच्या शिक्षणहक्काचा कायदा मात्र २००९ साली झाला व १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. दाखल्यास विलंब झाला, एवढ्यावरून या कायद्याने प्रवेश नाकारता येत नाही. शाळा सुटलेल्या मुलास वयानुरूप वर्गात घेऊन विशेष प्रशिक्षण द्यावे लागते.

आता नाव कमी होत नाही, हे खरे. परंतु नाव पटावर आणि मूल उसाच्या फडात, अशी स्थिती असेल तर आपण काय साधले? म्हणून तीन गोष्टी सुचवितो.

पहिली, भाद्रपदातच स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांची यादी करून घरी जावे. उपदेश करू नये. ‘मूल मागे राहिले तर कोणाजवळ राहील?’ एवढेच विचारावे. आजी-आजोबा असतील तर हंगामी वसतिगृहाची सोय समजावून सांगावी. मुलीविषयी तर आईशीच बोलावे. धाकट्याची व्यवस्था काय, याचा विचार झाल्यावाचून थोरलीस मागे ठेवा म्हणणे व्यर्थ आहे.

दुसरी, जे मूल जाणारच त्याच्या हाती शिक्षण हमी पत्रक द्यावे. मुलास काय वाचता येते, कोणते गणित येते, हे त्यासोबत स्पष्ट लिहावे. कारखान्याजवळच्या शाळेतील गुरुजींस त्याचा फार उपयोग होतो. त्यांना दूरध्वनीही करावा.

तिसरी, परतलेल्या मुलास ‘इतके दिवस कोठे होतास?’ असे वर्गासमक्ष विचारू नये. तो हिंडावयास गेला नव्हता. पहिल्या दिवशी हजेरीत त्याचे नाव मोठ्याने घ्यावे आणि जेथे शिक्षण थांबले तेथून पुढे शिकवावे.

योजना शासन आखते, परंतु ती मुलाच्या दारापर्यंत नेणारा शिक्षकच असतो. यंदा दसऱ्यापूर्वी आपण प्रत्येकाने अशा एका तरी घरी जावे, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.