जुन्या गाडीत धुराचा वास

हौसेनं जपलेली जुनी प्रीमियर पद्मिनी काढलीत,
शिरपूर जैनला अंतरिक्ष पार्श्वनाथाच्या दर्शनाला निघालात…
आणि गाडीत धुराचा वास आला, तर?

आधी गाडी थांबवा.
इंजिन बंद करा.
सगळे बाहेर या.

धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो.
त्याला रंग नाही, वासही नाही.
डोकं दुखतं, गरगरतं, मळमळतं.
म्हणून धुराचा वास आला, की थांबायचं!

धूर शिरतो कुठून?
चालत्या गाडीमागे हवेचा दाब कमी होतो.
सायलेन्सरचा धूर तिथेच घोटाळतो.
डिकीचं रबर कडक झालं असेल, तर तो आत येतो.

ते तपासणं सोपं आहे.
डिकीच्या कडेवर कागदाची पट्टी ठेवा.
डिकी लावा, पट्टी ओढा.
सहज निघाली?
मग रबर बदला.

गाडी थंड असताना सायलेन्सरचे जोड पाहा.
काळी काजळी दिसली, तर तिथे गळती आहे.
गंजलेल्या तळाची भोकंही मेकॅनिककडून बुजवून घ्या.

आणि बंद शेडमध्ये इंजिन कधीही चालू ठेवू नका.

पुन्हा सांगतो, वास आला, की थांबा, बाहेर या.
कुणाला चक्कर आली, तर 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा.