एका घसरगाडीवरचे दोघे भाऊ
(मंडळाच्या व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



'खेळातून काय शिकावे' या विषयावर मी बोलावे, असे मंडळाने सुचविले. क्रिकेटवर अधिकाराने बोलणारे आपल्या सेक्टरमध्ये घरोघरी आहेत. म्हणून मी मुद्दाम असा खेळ निवडला, जो आपल्या भिलाईत खेळला जाण्याची सुतराम शक्यता नाही. त्या खेळाचे नाव ल्यूज. बर्फाच्या पन्हळीतून घसरगाडीवर उताणे झोपून, पाय पुढे करून खाली येण्याची ही शर्यत आहे.

मी क्रीडा समीक्षक नाही. पदविका घेऊन रेल्वेत लागलो आणि रुळांच्या देखभालीत माझी नोकरी चालली आहे. पण या खेळात उतार आहे, वळण आहे आणि पोलाद आहे, म्हणून तो मला आपला वाटतो. घसरगाडीखाली दोन पोलादी पट्ट्या असतात आणि त्यांच्या कडांवर सारा खेळ चालतो. पट्टी गरम केली तर बर्फावर ती जास्त पळते. त्यामुळे शर्यतीपूर्वी पट्ट्यांचे तापमान मोजतात आणि ते मर्यादेबाहेर गेले तर खेळाडू बाद होतो. रुळांचे तापमान मोजल्याशिवाय आम्हीही काही कामांना हात लावत नाही. पोलाद थंडी-उन्हाला कसे वागते, हे आपल्या पोलादनगरीत वेगळे सांगायला नको.

या गाडीला इंजिन नाही आणि ब्रेकही नाही. शेवटची रेषा ओलांडल्यावर उठून बसायचे, पाय बर्फाला लावायचे आणि गाडीचा पुढचा भाग वर ओढून ती थांबवायची. भोर घाटात ३७ ला १ असा उतार आहे. तिथे गाडी बेलगाम झाली तर तिला वळवून घ्यायला कॅच सायडिंग ठेवलेले आहे. कॅनडातल्या व्हिस्लरच्या ल्यूज मार्गावर साधारण १४५० मीटर लांबीत १५२ मीटर उतार आणि १६ वळणे आहेत. म्हणजे सरासरी उतार साडेनऊला १ इतका पडतो. आम्ही वळणावर बाहेरचा रूळ उचलतो, तो ब्रॉडगेजवर जास्तीत जास्त १६५ मिलिमीटर. ल्यूजच्या वळणावर बर्फाची भिंतच उभी राहते आणि खेळाडूच्या अंगावर स्वतःच्या वजनाच्या चार-पाच पट भार येतो.

वेळ मोजतात हजारांश सेकंदात. ताशी १४० किलोमीटर वेगाने हजारांश सेकंदात अंतर कापले जाते सुमारे ४ सेंटिमीटर. आपल्या ६० किलोच्या रुळाचा माथाही त्याहून रुंद असतो. १९७२ च्या साप्पोरो ऑलिम्पिकमध्ये वेळ शंभरांश सेकंदापर्यंतच मोजली जात होती. तेव्हा दुहेरीत इटली आणि पूर्व जर्मनी यांच्या जोड्यांची वेळ तंतोतंत सारखी आली आणि दोन्ही जोड्यांना सुवर्णपदक द्यावे लागले.

आता दुहेरीकडे येतो. १९६४ पासून ऑलिम्पिकमध्ये असलेल्या या प्रकारात एकाच गाडीवर दोघे झोपतात, एक वर आणि एक खाली. साधारणपणे थोराड खेळाडू वर असतो. समोरचे दिसते ते वरच्याला. खालच्याला वरच्याच्या पाठीशिवाय फारसे काही दिसत नाही. तरीही गाडी दोघांनी मिळून वळवायची असते. वरच्याचे अंग कुठे झुकले, एवढ्यावरून खालच्याने ओळखायचे की वळण आले. त्याला अर्धा क्षण उशीर झाला तर वरच्याचे कौशल्य वाया जाते.

या प्रकारात ऑस्ट्रियाच्या टायरॉल प्रांतातले दोन सख्खे भाऊ होऊन गेले. थोरला आंद्रेयास लिंगर १९८१ चा आणि धाकटा वोल्फगांग १९८२ चा. २००३ मध्ये ते जगज्जेते झाले. २००६ च्या तुरिन ऑलिम्पिकमध्ये त्यांनी सुवर्णपदक मिळविले आणि २०१० मध्ये व्हिस्लरला ते राखले. २०११ आणि २०१२ मध्ये पुन्हा जगज्जेतेपद मिळाले. २०१४ च्या सोची ऑलिम्पिकमध्ये मात्र जर्मनीच्या तोबियास वेंडल आणि तोबियास आर्ल्ट या जोडीने त्यांना मागे टाकले. भावांना रौप्यपदक मिळाले आणि त्याच वर्षी ते निवृत्त झाले. वेंडल-आर्ल्ट जोडीने पुढे २०१८ आणि २०२२ मध्येही दुहेरीचे सुवर्ण जिंकले. २०२६ च्या मिलानो-कोर्तिना ऑलिम्पिकसाठी महिलांच्या दुहेरीलाही जागा मिळाली, हे माझ्या भगिनींना आवर्जून सांगतो.

पण मला तुमच्यापुढे ठेवायची आहे ती व्हिस्लरची गोष्ट. १२ फेब्रुवारी २०१० ला ऑलिम्पिकचे उद्घाटन होते. त्याच दिवशी सरावात जॉर्जिया देशाचा नोदार कुमारिताश्विली हा २१ वर्षांचा खेळाडू शेवटच्या वळणावर गाडीवरून उडाला. त्याचा वेग ताशी १४० किलोमीटरच्या वर होता. मार्गाबाहेरच्या उघड्या पोलादी खांबावर तो आदळला आणि गेला.

आयोजकांनी लगेच सांगितले की, खेळाडू आधीच्या वळणातून उशिरा बाहेर पडला आणि त्याला गाडी सावरता आली नाही. मार्गात दोष नव्हता. मात्र पुढच्या सरावाआधी त्या ठिकाणची भिंत वाढविली गेली, बर्फाचा आकार बदलला आणि पुरुषांची सुरुवात खाली महिलांच्या जागेवर आणून वेग कमी केला. दुहेरीच्या जोड्यांनाही आणखी खालून सोडण्यात आले.

श्रोतेहो, अभियंता म्हणून मला इथे थांबावेसे वाटते. माणूस चुकतो, हे खरे. पण माणूस चुकणार हे गृहीत धरूनच मार्ग बांधायचा असतो. भिंत एका दिवसात उंच करता आली, तर ती आदल्या दिवशीही करता आली असती. 'मानवी चूक' असे लिहिले की फाइल बंद होते, पण खांब तिथेच उघडा राहतो. आपल्याकडे रेल्वे सुरक्षा आयुक्त रेल्वे मंत्रालयाच्या नव्हे, तर नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या अखत्यारीत असतो. ज्याने मार्ग बांधला त्यानेच मार्गाचा निवाडा करू नये, हा त्यामागचा विचार. हा विचार फार मोलाचा आहे.

अपघातानंतर पाचव्या दिवशी, १७ फेब्रुवारीला, लिंगर बंधू त्याच मार्गावरून उतरले. खालच्या भावाला मार्ग नीट दिसत नव्हता. पण मार्ग सुरक्षित आहे असे सांगणाऱ्यांवर आणि वरच्या भावावर विश्वास टाकून तो गाडीवर झोपला. सुवर्णपदक त्यांना मिळाले. रौप्यपदकही लाटव्हियाच्या दोन भावांनाच मिळाले, आंद्रिस आणि युरिस शिक्स यांना.

आपला एक भारतीयही त्या दिवसांत तिथे होता. मनालीचा शिवा केशवन, थोरल्या लिंगरसारखाच १९८१ चा. अपघाताच्या दुसऱ्याच दिवशी तो एकेरीत उतरला आणि २९ वा आला. भारतात ल्यूजचा बर्फाचा मार्ग नाही, म्हणून हा मुलगा घसरगाडीला चाके लावून डोंगरातल्या रस्त्यांवर ट्रक-मोटारींमधून सराव करीत असे. १९९८ मध्ये नागानोला तो भारताचा एकमेव खेळाडू होता, वय अवघे १६. २०१८ पर्यंत तो सहा ऑलिम्पिक खेळला. तिथे पदक मिळाले नाही, पण आशियाई विजेतेपदे त्याने मिळविली. २०२० चा अर्जुन पुरस्कार त्याला मिळाला. दुहेरीची भारतीय जोडी मात्र ऑलिम्पिकमध्ये अजून उतरलेली नाही.

आता सर्वांच्या कामाचे बोलतो. आमच्या इंजिनात लोको पायलट आणि सहायक दोघेही सिग्नल मोठ्याने एकमेकांना सांगतात. दोघांनाही दिसत असतो, तरी सांगतात. आपला कीमन रोज ठरलेल्या अंतराचा रूळ पायी चालत तपासतो. वरून धडधडत जाणाऱ्या गाडीतल्या प्रवाशाला त्याचे नावही माहीत नसते. दहीहंडीत सर्वांत खालच्या थराला हंडी दिसत नाही, पण भार तोच पेलतो. न दिसणाऱ्याला सांगत राहणे हे दिसणाऱ्याचे कर्तव्य आहे, आणि खालच्याची वाट सुरक्षित ठेवणे हे वाट बांधणाऱ्याचे.

अनंत चतुर्दशीला आपण शिवनाथच्या घाटावर बाप्पांना घेऊन पायऱ्या उतरतो. मूर्ती पुढून धरणाऱ्याला पायरी दिसते, मागच्याला फक्त मूर्तीची पाठ दिसते. ओल्या पायरीवर त्याचाच पाय घसरतो. म्हणून तरुण कार्यकर्त्यांना माझी विनंती आहे. पायरी मोजून सांगणारा एक जण आधीच नेमा, आणि तो बोलत असेल तेव्हा ढोल थांबवा. पायऱ्यांवरचे शेवाळ आदल्या दिवशी घासून काढा. काही घडल्यावर 'त्याचाच तोल गेला' असे म्हणण्याची पाळी आपल्यावर येऊ नये.

एवढे बोलून मी आपली रजा घेतो. 

गणपती बाप्पा मोरया!