पाद्र्याचे प्रवचन आणि सफाई कामगारांचा संप

(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



या व्यासपीठावरून एका ख्रिस्ती पाद्र्याच्या विचारांविषयी बोलावयाचे म्हटल्यावर काहींच्या मनात प्रश्न येणे स्वाभाविक आहे. आपण ईश्वर मानीत नाही, मग ईश्वराची प्रार्थना करणाऱ्या माणसाकडून आपण काय घ्यावे? या प्रश्नाला बगल देऊन आम्हास पुढे जावयाचे नाही. तो समोर ठेवूनच आम्ही बोलणार आहोत.

हा पाद्री म्हणजे मार्टिन ल्यूथर किंग. १५ जानेवारी १९२९ रोजी अमेरिकेतील अटलांटा शहरी एका कृष्णवर्णीय पाद्र्याच्या घरी त्यांचा जन्म झाला. आजोबाही पाद्रीच होते. पुढारी म्हणून किंग आपणा सर्वांना ठाऊक आहेत. पण दर रविवारी ते ज्या लोकांसमोर उभे राहात, त्यांत मोलकरणी होत्या, हमाल होते, शिक्षक होते. सोमवारी सकाळी या माणसांना ज्या जगात जावे लागते, त्या जगात आपली श्रद्धा काय कामाची, हा त्यांच्या प्रवचनांचा खरा विषय होता.

जानेवारी १९५४ मध्ये माँटगोमेरी शहरातील डेक्स्टर रस्त्यावरच्या चर्चमध्ये त्यांनी उमेदवार म्हणून एक प्रवचन दिले. पुढे आयुष्यभर ते प्रवचन त्यांनी अनेक ठिकाणी दिले. पूर्ण जीवनाला लांबी, रुंदी आणि उंची अशी तीन मापे असतात, असे ते त्यात सांगत. स्वतःचा विकास ही लांबी, इतरांची काळजी ही रुंदी आणि ईश्वराची ओढ ही उंची. तिन्हींपैकी एक जरी नसेल तरी जीवन अपुरे. रुंदी समजावताना ते सकाळच्या न्याहारीचे उदाहरण देत. अंगाचा साबण, पुसण्याचा टॉवेल, कपातली कॉफी हे सारे दूरदूरच्या देशांतील अनोळखी हातांनी आपल्यापर्यंत आणलेले असते. घराबाहेर पडण्यापूर्वीच आपण अर्ध्या जगाचे ऋणी झालेलो असतो. मित्रहो, प्रतीत्यसमुत्पाद हा शब्द किंग यांनी वापरला नाही. पण एकावाचून दुसरे उभे राहात नाही, ही जाणीव त्यांनी रोजच्या कपबशीत दाखविली.

आता प्रवचन सांगणे वेगळे आणि ते अंगावर येणे वेगळे. १ डिसेंबर १९५५ रोजी रोझा पार्क्स या शिवणकाम करणाऱ्या बाईंनी बसमधील आपली जागा गोऱ्या उतारूसाठी सोडण्यास नकार दिला आणि त्यांना अटक झाली. ५ डिसेंबरपासून माँटगोमेरीच्या कृष्णवर्णीयांनी बसवर बहिष्कार टाकला. तो ३८१ दिवस चालला. महाडच्या तळ्यावर १९२७ साली जो प्रश्न पाण्याचा होता, तोच येथे आसनाचा होता. पाण्याने केवळ तहान भागवावयाची नव्हती, तसे आसनावर केवळ बसावयाचे नव्हते.

त्या लढ्याचे नेतृत्व अवघ्या २६ वर्षांच्या या पाद्र्याकडे आले आणि धमक्यांचे फोन सुरू झाले. २७ जानेवारी १९५६ च्या रात्री असाच एक फोन आला. पत्नी आणि दोन महिन्यांची मुलगी झोपलेल्या होत्या. किंग यांची झोप उडाली. ते स्वयंपाकघरात गेले, कॉफी केली आणि टेबलाशी बसले. या कामातून भेकड न दिसता बाजूला कसे व्हावे, याचा ते विचार करीत होते. हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. आपण खचलो आहोत, हे त्यांनी त्या टेबलाशी मोठ्याने कबूल केले आणि तेथेच त्यांना पुन्हा बळ मिळाले. तीनच दिवसांनी त्यांच्या घरावर बॉम्ब पडला. पत्नी आणि मुलगी सुखरूप राहिल्या. संतापलेला जमाव शस्त्रे घेऊन दारात जमला, तेव्हा किंग यांनी त्याला शांतपणे घरी पाठविले. जमावासमोरचे हे धैर्य तीन रात्रींपूर्वी स्वयंपाकघरात, कोणी पाहात नसताना कमावलेले होते.

विद्यार्थी मित्रहो, आता आम्ही अवघड मुद्द्याकडे येतो. २६ ऑक्टोबर १९६७ रोजी किंग फिलाडेल्फिया येथील एका शाळेत मुलांशी बोलले. स्वतःला कमी लेखू नका, रात्र जागून अभ्यास करा, असे त्यांनी सांगितले. पुढे ते म्हणाले की, तुमच्या वाट्याला रस्ते झाडण्याचे काम आले, तर ते थोर चित्रकाराने चित्र काढावे तसे करा.

हे ऐकताच आपले कान टवकारतात, आणि ते टवकारलेच पाहिजेत. कारण झाडू हा आपल्याकडे केवळ धंदा नाही, तो जन्माने हातात दिला जातो. जात ही श्रमांची विभागणी नसून श्रमिकांची विभागणी आहे, हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ सालीच स्पष्ट केले. ज्याला दुसरे काम करूच दिले जात नाही, त्याला "तुझे काम सुंदर कर" असे सांगणे ही त्याची बेडी चकचकीत करण्याची युक्ती ठरू शकते. असा उपदेश आपल्याला पुष्कळांनी केला आहे.

मग किंगही त्यांच्यातलेच काय? याचे उत्तर त्यांच्या शब्दांत शोधू नये, त्यांच्या शेवटच्या दिवसांत शोधावे. १ फेब्रुवारी १९६८ रोजी मेम्फिस शहरात कचऱ्याच्या गाडीतील दाबयंत्रात सापडून दोन कृष्णवर्णीय सफाई कामगार ठार झाले. १२ फेब्रुवारीपासून सुमारे १,३०० कामगारांनी संप पुकारला. त्यांच्या गळ्यातील फलकांवर एवढेच लिहिलेले होते : मी माणूस आहे. किंग तेथे गेले. कचरा उचलणारा हा डॉक्टरइतकाच महत्त्वाचा आहे, कारण त्याने काम थांबविले तर रोगराई पसरेल, असे त्यांनी १८ मार्चच्या सभेत सांगितले. पण ते तेवढ्यावर थांबले नाहीत. काम मोलाचे असेल तर त्याचे मोल द्या, संघटनेला मान्यता द्या, ही त्यांची मागणी होती. ३ एप्रिलच्या सभेत त्यांनी बायबलातील जखमी वाटसरूची गोष्ट सांगितली. मी थांबलो तर माझे काय होईल, असे वाटेवरून जाणाऱ्या धर्माधिकाऱ्यांना वाटले. मी थांबलो नाही तर याचे काय होईल, हा प्रश्न एका परक्या माणसाला पडला. दुसऱ्या दिवशी, ४ एप्रिल रोजी, किंग यांची गोळी घालून हत्या झाली. तेव्हा ते ३९ वर्षांचे होते. १६ एप्रिलला कामगारांच्या संघटनेला मान्यता मिळाली आणि पगारवाढ मंजूर झाली.

किंग १९५९ मध्ये सुमारे महिनाभर भारतात होते. केरळातील एका शाळेत त्यांची ओळख अमेरिकेतील अस्पृश्य बांधव अशी करून देण्यात आली, असे त्यांनी १९६५ च्या एका प्रवचनात सांगितले. प्रथम त्यांना तो शब्द लागला. मग आपल्या दोन कोटी बांधवांची स्थिती आठवून आपण अस्पृश्यच आहोत, हे त्यांनी मान्य केले. व्हिएतनामचे भिक्खू तिक न्यात हान्ह यांच्याशीही १९६६ मध्ये त्यांची भेट झाली, आणि १९६७ मध्ये किंग यांनी नोबेल शांतता पारितोषिकासाठी या भिक्खूंचे नाव सुचविले. भिक्खूचा सन्मान करण्यासाठी पाद्र्याला चर्च सोडावे लागले नाही.

आता आरंभीचा प्रश्न. किंग यांच्या तीन मापांपैकी उंची आपल्याला त्यांच्या अर्थाने घेता येणार नाही. १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी दाखविले आहे की, धम्मात ईश्वराच्या जागी नीती आहे. तेव्हा आपली उंची शीलाची. पण लांबी आणि रुंदी दोघांनाही सारख्याच मोजाव्या लागतात, आणि त्या मंदिरात, चर्चमध्ये किंवा विहारात मोजल्या जात नाहीत; घरात, कारखान्यात आणि रस्त्यावर मोजल्या जातात.

आपल्या देशात हाताने मैला साफ करण्याच्या प्रथेविरुद्ध १९९३ मध्ये कायदा झाला, २०१३ मध्ये दुसरा झाला. गटारात मृत्यू पावलेल्यांच्या वारसांना १० लाख रुपये द्यावेत असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये सांगितले, आणि २०२३ मध्ये ती रक्कम ३० लाख केली. भरपाई वाढवावी लागते, याचाच अर्थ माणसे अजून गटारात उतरविली जात आहेत.

म्हणून सभासदांना आमची विनंती आहे. आपल्या वस्तीत सफाईसाठी येणाऱ्यांना हातमोजे, विमा व पुरे वेतन मिळते की नाही, याची चौकशी संस्थेने करावी. आणि ज्या वारसांना भरपाईचा हक्क ठाऊक नाही, त्यांचा अर्ज लिहून द्यावा. विद्यार्थ्यांनो, तुम्ही मन लावून शिका, हवा तो व्यवसाय निवडा आणि तो उत्तम करा. पण ज्यांना निवडच मिळाली नाही, त्यांच्याजवळून जाताना थांबा. आपण थांबलो नाही तर यांचे काय होईल, एवढे स्वतःला विचारा.

जयभीम!