घरचा गणपती आणि विस्मृतीतील आजी
१९०६ साली आलॉइस अल्झायमर या जर्मन वैद्यांनी ज्या व्याधीचे प्रथम वर्णन केले, तीत ताज्या आठवणी आधी लोपतात. परंतु अंगवळणी पडलेली कामे आणि बालपणापासून कंठस्थ असलेली आरती बहुधा पुष्कळ काळ टिकतात. म्हणून गणेशचतुर्थीस ही व्याधी जडलेल्या आजीला कोपऱ्यात नुसते बसवून न ठेवता तिच्यापुढे दूर्वांचे तबक ठेवावे. एकविसांची जुडी बांधताना मोजदाद चुकली तरी हरकत नाही, तीन पात्यांची दूर्वा तिची बोटे अचूक खुडतात. ‘मला ओळखलंस का?’ ही उलटतपासणी मात्र कोणीही करू नये, ती फार क्लेशदायक असते. ‘आजी, मी तुझा नातू’ असे आपणच सांगावे. सायंकाळी तिची अस्वस्थता वाढण्याचा संभव असतो, सबब पाहुण्यांना सकाळीच, दोघातिघांच्या हिशेबाने बोलवावे आणि तिच्या विश्रांतीसाठी एक शांत खोली मोकळी राखावी.