तुमचा विषय सुटला नाही

बाई, अकरावीला मी जीवशास्त्र सोडलं तेव्हा तुम्ही हळहळला होतात. आज जनुकांच्या माहितीसाठीच प्रोग्रॅम लिहिते.

तुम्ही फळ्यावर डीएनएची सरळ शिडी काढायचात. पेशीत तो घड्या घालून बसतो. म्हणून दूरचं ‘बटण’ जनुकाला भिडतं आणि जनुक चालू होतं. मिलानच्या संशोधकांनी सहकाऱ्यांसह २०१९मध्ये दाखवलं, की उंदराच्या मेंदूतल्या मूलपेशींत सॉक्स-२ हे प्रथिन नसेल तर अशा कितीतरी भेटी तुटतात. जनुकं शाबूत, पण अनेक मंदावतात; हळूहळू नव्या मूलपेशी घडणंही थांबतं. त्यांतलं एकच जनुक, एसओसीएस-३, पुन्हा चालतं केलं, तर पेशी तग धरतात.

बाई, तीस वर्षांत मी तुम्हाला साधं पत्र लिहिलं नाही. आज समोर आहात, म्हणून सांगते : तुमचा विषय सुटला नाही.