ऋतू आणि आपलं स्वयंपाकघर
(सोसायटीच्या ज्येष्ठ नागरिक मेळाव्यात केलेले भाषण)



बँकेत 36 वर्षं आकडेमोड केली आणि आज मला खाण्यावर बोलायला सांगितलंय. हे काम जास्त आवडीचं आहे! माझं मूळ गाव अलिबाग तालुक्यातलं. घरात कॅलेंडर होतं, पण महिना कोणता ते आम्हा मुलांना ताटातच कळायचं.

चैत्रात आंब्याची डाळ आणि पन्हं. हरभऱ्याची डाळ भिजवून भरड वाटायची, त्यात किसलेली कैरी, वरून हिंग-मोहरीची फोडणी. वैशाखात अंगणभर वाळवणं. पांढऱ्या कांद्याच्या माळा आढ्याला टांगल्या की पावसाळ्याची निम्मी बेगमी झाली. बाकीची निम्मी पाऊसच घेऊन यायचा.

मृगाचा पाऊस पडला की आधी शेवळं, मग टाकळा, कुरडू, भारंगी, करटोली. यातलं काही कोणी पेरत नाही. टाकळ्याची कोवळी पानंच घ्यायची. कांदा, मिरची, वर ओलं खोबरं, बस्स. भारंगी कडू, म्हणून उकडून पिळून घ्यायची. शेवळं मात्र मानी भाजी. वरची सालं आणि आतला पिवळा भाग काढून टाकायचा, उरलेलं बारीक चिरून परतायचं आणि त्यात काकडं नावाच्या आंबट रानफळांचा रस घालायचा. काकडं नसली तर चिंच किंवा आमसूल. आंबट विसरलात तर घसा असा खाजतो की पाहुणे पुन्हा येत नाहीत. अळूच्या फदफद्यात चिंच पडते ती याच कारणाने. आमच्या आजीला रसायनशास्त्र माहीत नव्हतं, पण नियम पक्का ठाऊक होता.

थंडीत वालाच्या शेंगा आल्या की शेतात पोपटी. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, शेंगा, ओवा, मीठ. तोंडही पाल्यानेच बंद करून मडकं उलटं ठेवायचं आणि भोवती जाळ. पाण्याचा थेंब नाही. मग भोगीला तीळ लावलेली बाजरीची भाकरी, लोण्याचा गोळा आणि वांगं, गाजर, पावटा, ओला हरभरा यांची लेकुरवाळी भाजी. थंडीत अंगाला स्निग्ध लागतं ते सणाच्या निमित्ताने पोटात जायचं.

आता मुद्द्याचं बोलतो. बदलापुरात राहणारे आपण भाग्यवान. वांगणी-नेरळकडच्या ठाकर, कातकरी बायका पहाटे रान तुडवून या भाज्या आणतात आणि पावसाळ्यात आपल्या गेटाशी बसतात. कचरा होतो म्हणून त्यांना उठवावं, असा अर्ज कमिटीकडे आला आहे. कचरा होतो हे खरं, त्याला टोपली ठेवता येईल. पण ती बाई उठली की नुसती भाजी जात नाही. कोणती पानं घ्यायची, काय टाकायचं, हे आपल्या सुनांना आज तीच सांगते. सांगणाऱ्या सासवा आता किती उरल्या?

शेअर सर्टिफिकेटला आपण सगळ्यांनी नॉमिनी लावलाय. शेवळं कशी साफ करायची, वालाचं बिरडं कसं सोलायचं, याला नॉमिनी कोण?

म्हणून रौप्यमहोत्सवी वर्षात माझ्या तीन सूचना. एक, मृगापासून गणपतीपर्यंत आठवड्यातून दोन सकाळी त्या बायकांना कंपाउंडच्या आत, शेडखाली बसू द्यावं. दोन, एप्रिल-मे महिन्यात बी विंगची गच्ची वाळवणासाठी उघडी ठेवावी. किल्ली मी सांभाळीन, तसाही मी रिकामाच असतो. तीन, प्रत्येक घरातल्या जाणत्या माणसाने आपली एक ऋतूची भाजी लिहून द्यावी, प्रमाणासकट. "अंदाजाने मीठ" चालणार नाही, चमच्यात लिहा.

आपल्या सोसायटीत कोकणातले, देशावरचे, खानदेशी, विदर्भातले सगळे आहेत. अलिबागचं मी सांगितलं. बाकीचं तुमच्याकडून ऐकायचं आहे.